पवित्र गुरुवारचं गंगाळ आणि मंडळीचा वर्षभराचा कारभार

ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातल्या गुरुवारी पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) कमरेला टॉवेल बांधायचा आणि मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचे, हा विधी कॅथलिक चर्चमध्ये दरवर्षी दिसतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांत कुठे आहे, कुठे नाही. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीत तर प्रत्येक प्रभुभोजनाआधी एकमेकांचे पाय धुण्याची रीत आहे. दिसायला सोपा, म्हणूनच तो बहुतेकदा आयत्या वेळी उरकला जातो. गार पाणी, दोनच टॉवेल, पहिल्या बाकावरचे ठरलेले बारा पुरुष आणि समोर मोबाईल धरून उभे चौघे. पुढच्या आठवड्यात कमिटीची सभा भरते तेव्हा चर्चची किल्ली ज्याच्या खिशात होती त्याच्याच खिशात असते.

आमचं म्हणणं एवढंच की नम्रता माणसाच्या स्वभावावर सोडून भागत नाही, ती व्यवस्थेत बसवावी लागते. म्हणून या लेखाचा निम्मा भाग त्या एका संध्याकाळचा आहे आणि निम्मा पुढच्या वर्षाच्या कारभाराचा. दुसरा निम्मा जास्त अवघड आहे.

आधी वचन नीट वाचा

तयारीच्या पहिल्या बैठकीत पाळक आणि पंचांनी (कमिटीच्या सदस्यांनी) बायबलमधलं योहान १३:१-१७, म्हणजे येशूनं शेवटच्या भोजनावेळी शिष्यांचे पाय धुतले तो उतारा, एकत्र बसून, मोठ्यानं वाचावं. सगळ्यांना पाठ असल्यासारखा वाटणारा हा उतारा, पण चार गोष्टी हमखास निसटतात.

येशू जेवणाच्या मधेच उठला. त्या काळी पाहुण्यांच्या पायांना पाणी मिळायचं ते घरात शिरताना. शिमोन परुशानं ते दिलं नाही म्हणून लूक ७:४४ मध्ये येशू त्याला तसं बोलूनही दाखवतो. इथे मात्र सगळे धुळीच्या पायांनी जेवायला टेकलेले आहेत आणि लूक २२:२४ प्रमाणे त्याच जेवणावेळी आपल्यात मोठा कोण यावर वाद चाललाय. बारातला एकही उठलेला नाही. म्हणजे ज्या कामावरून ‘हे माझं काम नव्हे’ असं सगळ्यांनी मनात ठरवलं होतं, ते काम गुरूनं उचललं. सेवेचं काम शोधायचं तर तुमच्या मंडळीतलं तसलं काम शोधा.

दुसरं, येशूला धरून देणारा यहूदा तिथेच होता. तो बाहेर जातो तिसाव्या वचनात, पाय धुऊन झाल्यावर. तेव्हा बारा जणांची यादी लायकी बघून करायची नसते. तिसरं, पेत्र आधी नको म्हणतो आणि मग हातही धुवा, डोकंही धुवा म्हणतो. दोन्ही वेळा कसं व्हावं ते त्यालाच ठरवायचं असतं. सेवा करून घेणं हीही शिकायची गोष्ट आहे आणि पुढाऱ्यांना ती सगळ्यात जड जाते.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पाय धुऊन झाल्यावर येशू आपली वस्त्रं घालतो, पुन्हा जागेवर बसतो आणि सांगतो: तुम्ही मला गुरू व प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, कारण मी तसा आहेच. अधिकार त्यानं टाकून दिलेला नाही. तेव्हा सेवकपणाच्या नावाखाली ‘मी कोण ठरवणार, तुम्हीच बघा’ म्हणत अवघड निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात मारणाऱ्या पुढाऱ्याला या अध्यायाचा आधार मिळत नाही.

जोडीला मार्क १०:३५-४५, फिलिप्पैकरांस २:५-११ आणि १ पेत्र ५:१-५ हे उतारे उपवासकाळातल्या प्रार्थनासभांना एकेक करून घ्यावेत. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा: इथे नम्र व्हायला कोणाला सांगितलंय? उत्तर दर वेळी जवळपास तेच येतं. उजवी-डावीकडची आसनं मागणारे, देवाच्या स्वरूपाचा असलेला, कळपावर नेमलेले वडील. ज्याच्या हातात काही आहे तो.

आपल्याकडचा पेच

आपल्याकडे पाय धुतले जातात ते धाकट्यानं थोरल्याचे. लग्नात वधूचे आईवडील जावयाचे पाय धुतात, गुरूची पाद्यपूजा होते. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, तेवढाच काय तो ठळक अपवाद. त्यामुळे कोल्हापुरात हा विधी करताना दोन गैरसमज ठरलेले.

एक, मंडळीतलं कुणीतरी भक्तिभावानं म्हणतं, ‘पाळकसाहेब, आमचे धुतले, आता तुमचे आम्ही धुतो.’ ऐकायला गोड वाटतं, पण सगळ्यांदेखत पाळकांचे पाय मंडळीनं धुतले की ती सरळ पाद्यपूजा होते. हे आधीच ठरवून नाकारावं. पाळकांचे पाय धुवायचेच असतील तर ते दुसऱ्या पाळकांनी किंवा चर्चच्या शिपायानं धुवावेत आणि त्यानंतर पाळकांनी त्याचे. दोन, ज्यांचे पाय धुतले ते बारा जण मानाचे ठरतात आणि पुढच्या वर्षी ‘आमच्या घरातलं कुणी नव्हतं’ अशी कुरकुर सुरू होते. यावर उपाय म्हणजे यादी दरवर्षी पूर्ण बदलणं आणि ती फलकावर न लावणं.

तिसरी गोष्ट उघड कुणी बोलत नाही. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासूनचा इथल्या मिशनचा इतिहास धरला तर अनेक घरांच्या आज्या-पणज्यांना गावच्या पाणवठ्याला हात लावायची बंदी होती. पाणी आणि स्पर्श या दोन गोष्टी अशा घरांच्या आठवणीत साध्या नाहीत. कुणाचे पाय कोण धुतो, याची नोंद मनात होतेच. म्हणून धुणारे आणि ज्यांचे धुवायचे ते, यांच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून लावाव्यात. चिठ्ठी असली की घराण्याचा अर्थ कुणाला काढता येत नाही.

तारीख, माणसं

ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, त्यामुळे पवित्र गुरुवार कित्येकदा चैत्र पौर्णिमेला खेटून पडतो. २०२३ मध्ये ६ एप्रिलला हनुमान जयंती आणि पवित्र गुरुवार एकाच दिवशी होते. चैत्र पौर्णिमा म्हणजे जोतिबाची यात्रा. एस.टी., रिक्षा आणि पन्हाळ्याकडे जाणारा रस्ता सगळं भरलेलं असतं. वाडी रत्नागिरीच्या (जोतिबाच्या डोंगराच्या) बाजूनं, केर्ली-कुशिरेकडून येणारी घरं असतील तर उपासना अर्धा तास उशिरा ठेवा किंवा गाडीची सोय करा. काही वर्षी दोन्हींत महिन्याचं अंतर असतं, तेव्हा हा प्रश्न येत नाही. फेब्रुवारीतच कॅलेंडर बघून ठेवा.

बाराच माणसं हवीत असा नियम नाही. छोट्या मंडळीत सहा पुरेत. कॅथलिक चर्चमध्ये हा विधी १९५५ च्या सुधारणेनंतर पवित्र गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सामध्ये, म्हणजे मुख्य उपासनेत, आला. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये रोममधल्या अल्पवयीन मुलांच्या तुरुंगात जाऊन मुलींचेही पाय धुतले, आणि जानेवारी २०१६ च्या आदेशानं स्त्रियांना यादीत घेण्याची रीतसर मुभा मिळाली. प्रोटेस्टंट मंडळ्यांना अशी अडचण कधी नव्हतीच, तरी यादी पुरुषांचीच निघते, हा भाग वेगळा.

यादीत कमिटीचे दोनपेक्षा जास्त लोक नकोत. उरलेल्या जागा अशा भरा: चर्च झाडणारी व्यक्ती, वर्षभरात नव्यानं आलेलं कुटुंब, सोळा-सतरा वर्षांचा एखादा मुलगा वा मुलगी, ऐंशीच्या पुढचं कुणी, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत शिफ्ट करणारा, आणि कमिटीशी ज्याचं वाजलंय असा एक तरी. हा शेवटचा सोडून बाकी यादी करायला दहा मिनिटं लागतात. त्याच्यावर बैठक अडते. अडली तर थांबा, कारण विधीचा सगळा जीव त्या एका नावात आहे.

प्रत्येकाला आठवडाभर आधी घरी जाऊन, एकट्यानं विचारा. व्यासपीठावरून नाव पुकारलं की माणसाला नाही म्हणता येत नाही. विचारताना चार गोष्टी नक्की विचारा: मधुमेह आहे का, पायाला जखम किंवा नायटा आहे का, खुर्चीवर बसून पाय पुढे करायला त्रास होतो का, आणि धुणारी व्यक्ती स्त्री हवी की पुरुष. अल्पवयीन असेल तर आईवडिलांनाही विचारा. दोन नावं राखीव ठेवा, कारण त्या दिवशी कुणीतरी हमखास येत नाही.

एकट्या पाळकांनी बारा जणांचे पाय धुवायचे म्हटलं तर एकाला तीन मिनिटं धरून छत्तीस मिनिटं जातात. गीत संपतं, पेटीवाला तेच ध्रुपद पुन्हा पुन्हा वाजवतो, लहान मुलं चुळबुळायला लागतात. तिघांनी चार-चार जणांचे धुतले तर बारा मिनिटांत होतं. पाळक, सेक्रेटरी आणि खजिनदार हे तिघे असावेत, तिघांत एक स्त्री नक्की. ज्यांच्या हातात कारभार आहे त्यांनीच वाकावं. तरुण संघाच्या पोरांना पुढे करून पंचांनी बाकावर बसू नये.

सामान

बारा जणांसाठी, तिघे धुणारे धरून:

- कोमट पाणी २० लिटर (माणशी दीड लिटर, वर थोडं राखीव), झाकणाच्या दोन बादल्यांत
- तीन रुंद प्लास्टिक टब. स्टीलची परात फरशीवर वाजते
- तीन तांबे
- छोटे टॉवेल १२, कमरेला बांधायचे मोठे ३, वर जादा ३
- हाताच्या तीन खुर्च्या, म्हाताऱ्या माणसाला उठताना आधार लागतो
- गुडघ्याखाली घ्यायला जाड सतरंजीच्या घड्या, टबाखाली रबरी मॅट
- सांडपाण्यासाठी दोन रिकाम्या बादल्या, एक पोछा

गिझरचं पाणी उपासनेआधी अर्धा तास भरून ठेवलं तर धुण्याच्या वेळेपर्यंत बरंच निवतं, म्हणून भरताना थोडं जास्त गरम ठेवा. वापरताना ते साधारण ३५ ते ३७ अंश असावं. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा, गरम वा गार काहीच जाणवलं नाही म्हणजे बरोबर. हे लाड नव्हेत. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, पाणी पोळतंय हे त्या माणसाला कळतच नाही. साबण टाळा. तो धुऊन काढायला दुप्पट पाणी जातं आणि ओल्या फरशीवर पाय घसरतो. महापालिकेचं पाणी सकाळी येऊन जातं, तेव्हा २० लिटर आणि जादा १० लिटर सकाळीच भरून घ्या.

प्रत्यक्ष कृती

योहान १३ वाचन, दहा मिनिटांचं प्रवचन, मग लगेच विधी. त्यानंतर प्रार्थना आणि प्रभुभोजन. प्रवचनाच्या शेवटी दोन वाक्यांत सांगा की हा मान देण्याचा विधी नाही आणि ज्यांचे पाय धुतले जातील ते सगळ्या मंडळीच्या वतीनं बसलेत. फोटो काढू नयेत, हेही तिथेच सांगा. एकच फोटो, तोही मागून, कुणाचा चेहरा न येईल असा, मंडळीच्या दप्तरासाठी ठेवायचा असेल तर ठेवा. बाकी मोबाईल खिशात.

चपला आपापल्या खुर्चीखालीच काढायला लावा. दाराशी ढीग झाला की धुऊन झाल्यावर ओल्या पायांनी माणसं परत चालत जातात, आणि आपली कोल्हापुरी चप्पल वनस्पतीच्या अर्कात कमावलेल्या चामड्याची, ओल्या पायानं घातली की पाणी पिऊन तिचा आकार जातो.

धुणाऱ्यानं दोन्ही गुडघे टेकावेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर पाटावर बसावं, वाकून उभं राहून धुऊ नये, पाठीत उसण भरते आणि दिसतंही घाईचं. डाव्या तळव्यावर टाच घ्यायची. उजव्या हातातल्या तांब्यातून घोट्यापासून बोटांकडे तीन वेळा पाणी सोडायचं. पाय टबात बुडवायचा नाही, टबावर धरायचा, म्हणजे एकाचं पाणी दुसऱ्याच्या पायाला लागत नाही. मग त्या माणसाच्या वेगळ्या टॉवेलनं पुसायचं, आधी तळवा, मग बोटांच्या बेचक्या. बेचक्यांत ओल राहिली तर चिखल्या होतात. पुसलेला पाय कोरड्या टॉवेलवर टेकवायचा आणि मग दुसरा घ्यायचा. उठण्याआधी एकदा त्यांच्याकडे बघून ‘प्रभूची शांती असो’ म्हणायचं. बस्स. दोन माणसांनंतर टब रिकामा करायचा. पाणी आवारातल्या झाडांना जाऊ द्या, एप्रिलात त्यांना गरजच असते.

जखम असेल तर त्या पायाला हात लावू नका, दुसरा धुवा. दोन्हींना असेल तर हातांवर पाणी घाला. रबरी हातमोजे घालून पाय धुण्यापेक्षा हात धुणं बरं.

शेतावर राबणाऱ्या आजीबाई बसल्या की पाय मागे घेतात. टाचांना भेगा, त्यांत माती कायमची बसलेली. ‘नको वो पाळकसाहेब, पाप लागंल मला,’ म्हणतात. इथे समजूत घालत बसू नका, पेत्राचं वचन तर मुळीच म्हणून दाखवू नका. ‘आजी, नुसता पाय पुढं करा, बाकी मी बघतो,’ एवढं पुरे. तरीही नको म्हणाल्या तर हातांवर पाणी घालून पुढे व्हा. जबरदस्तीनं केलेली सेवा ही करणाऱ्याची हौस असते. लोक घरून पाय घासून, पावडर लावून येतात, त्यालाही हसू नका.

आयत्या वेळी गर्दीतून कुणी उठून खुर्चीकडे आलं तर अडवू नका. जादा टॉवेल त्याच्यासाठीच आहेत.

सोमवारपासून: किल्ली आणि पैसा

आता खरा भाग. आवारातल्या सगळ्या कुलपांची यादी करा: मुख्य दार, कपाट, दानपेटी, स्पीकरची खोली, दफनभूमीचं फाटक. प्रत्येकापुढे किल्ली कुणाकडे आहे आणि कधीपासून, ते लिहा. बऱ्याच ठिकाणी पाचपैकी चार किल्ल्या एकाच घरात सापडतात आणि त्या घरानं त्या प्रामाणिकपणे, सेवा म्हणूनच सांभाळलेल्या असतात. तरीही त्या वाटून द्या. एका माणसाकडे एकच किल्ली, दानपेटीला दोन कुलपं आणि दोन वेगळ्या घरांकडे त्यांच्या किल्ल्या.

दान रविवारी उपासना संपताच, चर्चमध्येच, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी मोजावं, त्यातला एक कमिटीबाहेरचा. आकडा कागदावर, दोघांच्या सह्या, एक प्रत खजिनदाराकडे, एक पाळकांकडे. सोमवारी बँकेत भरणा. यात अविश्वास दाखवल्याची भावना येऊन खजिनदार रुसतात. त्यांना २ करिंथ ८:२०-२१ दाखवा. वर्गणीची मोठी रक्कम नेताना पौल सोबत माणसं घेतो, ती एवढ्याचसाठी की कुणी बोट ठेवू नये, आणि देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही ते चांगलं दिसावं.

महिन्याचा हिशेब एका पानावर: सुरुवातीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक. फलकावर लावायचा. वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणजे अनेकदा पवित्र सप्ताहाच्या आगेमागेच. मंडळी स्वतः नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली लेखापरीक्षण बंधनकारक आहे. मालमत्ता धर्मप्रांताच्या न्यासाच्या नावावर असेल तर तो भार त्यांच्यावर, तरी स्थानिक हिशेब मंडळीला दाखवणं चुकत नाही.

चर्चच्या शिपायाचा पगार पाळकांच्या पगाराआधी निघावा. शिल्लक कमी पडली तर थांबायची पाळी वरच्याची.

सभा आणि तक्रारी

सभेत अध्यक्षांनी आधी मत सांगितलं की बाकीचे मान डोलावतात. म्हणून बोलायची सुरुवात सगळ्यात धाकट्या सदस्यापासून करावी, अध्यक्ष शेवटी. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या मठ-नियमातही मठाधिपतीनं सगळ्यांना बोलवावं असं सांगितलंय, कारण जे अधिक बरं ते देव पुष्कळदा धाकट्याला दाखवतो. सगळं ऐकून झाल्यावर मात्र निर्णय घ्यायचा, तो कारणासह लिहायचा आणि अंगावर घ्यायचा. दफनभूमीतल्या जागेवरून दोन घरं भांडत असताना ‘प्रार्थना करू या’ म्हणून सहा महिने ढकलणं म्हणजे सेवकपण नव्हे.

तक्रार आली की काय करायचं याचा उत्तम नमुना प्रेषितांची कृत्ये ६:१-६ मध्ये आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं. प्रेषितांनी ना तक्रार दाबली, ना ‘नम्र राहा’ असं सांगितलं. सात माणसं निवडायला लावली, आणि स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव ही सातही नावं ग्रीक आहेत. ज्या बाजूची तक्रार होती, वाटणी त्याच बाजूच्या माणसांच्या हाती गेली असं दिसतं. तुमच्याकडे तरुण म्हणत असतील की संगीतासाठी पैसे मिळत नाहीत, तर त्या खात्याचा हिशेब एका तरुणाकडे द्या. महिला मंडळ म्हणत असेल की सगळा स्वयंपाक आमच्यावरच पडतो, तर स्वयंपाकाचं नियोजन त्यांनी ठरवावं आणि कांदे पंचांनी चिरावेत.

नम्रतेचा उपदेश खालच्या दिशेनं सुरू झाला की सावध व्हा. ‘सहन कर, क्षमा कर, मंडळीची बदनामी नको’ हे वाक्य पैशाची अफरातफर किंवा बाईमाणसाचा छळ अशा तक्रारीवर येत असेल तर ती नम्रता नाही, तो दाब आहे. कमिटीबाहेरची दोन माणसं, त्यात एक स्त्री, तक्रार ऐकण्यासाठी नेमून त्यांची नावं फलकावर लावा. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. तिथे आधी कमिटीची सभा भरवायची नसते.

जेवण, बाक, फ्लेक्स

ईस्टरच्या किंवा हंगामाच्या सणाच्या जेवणावळीत सेवकपणाची परीक्षा पंधरा मिनिटांत होते. शंभर पानांना २० किलो मटण धरलं तरी शेवटच्या पंगतीला फोडी कमी पडतातच. नियम साधा: पंच वाढणार, पंच शेवटच्या पंगतीत बसणार, आणि फोडी संपल्या तर तांबडा-पांढरा रस्सा ओरपून उठणार. पातेली घासायलाही तेच. पाहुण्यांसाठी वेगळं टेबल, वेगळं ताट नको. शाहू महाराज दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात चहा घ्यायचे. कोण कुठे बसून काय खातो-पितो यानं गावात काय बदलतं, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

याकोब २:१-४ वाचून पहिला बाक मोकळा करा. सोन्याची अंगठीवाला आला म्हणून उठून जागा द्यायची नाही. चाकाची खुर्ची आणि ऐकू कमी येणारे म्हातारे, एवढ्यांसाठीच तो राखीव. शाल-श्रीफळ वर्षातून एकदा, एकाच कार्यक्रमात. आणि ‘प्रभूचा नम्र सेवक’ असं खाली लिहून वर स्वतःचा सहा फुटी फोटो असलेला फ्लेक्स चौकात लावायची आपल्याकडची पद्धत बंद. तेवढ्या पैशात बारा टॉवेल येतात.

जागा सोडताना

पदाची मुदत तीन वर्षं, त्यानंतर एक मुदत खंड. घटनेत तसं लिहिलं नसेल तर सर्वसाधारण सभेत ठराव आणा. जाणाऱ्या सेक्रेटरीनं महिनाभर आधी नव्याला सोबत घेऊन फिरावं: बँक, वीजबिल, दफन-नोंदवही, विवाह-नोंदवही, किल्ल्या, चालू तक्रारी. प्रत्येक वस्तूपुढे दोघांच्या सह्या. न्यास असेल तर विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. हा अर्ज राहिला की कागदोपत्री जुनेच विश्वस्त राहतात आणि वर्षानुवर्षांची भांडणं तिथून सुरू होतात.

पद सोडलेल्यानं पुढचं वर्षभर सभेत स्वतःहून सल्ला देऊ नये, विचारलं तर सांगावं. पुढच्या पवित्र गुरुवारी पाणी तापवायची आणि बादल्या उचलायची जबाबदारी त्याच्याकडे द्यावी. गिझर कुठल्या बटणावर चालतो ते त्यालाच ठाऊक असतं.